ग्राहक-नोंदीची संगणक प्रणाली : सल्लागाराची निवड कशी करावी ?

मुदखेड परिसर फुलशेती व केळी यांसाठी प्रसिद्ध आहे. पहाटे तोडलेले फूल त्याच दिवशी बाजारात गेले पाहिजे, आणि उतरविलेला केळीचा घड फार काळ थांबत नाही. अशा नाशवंत मालाच्या व्यापारात कोणत्या ग्राहकास कोणत्या प्रतीचा माल लागतो, तो पैसे किती दिवसांनी देतो आणि मागील खेपेस त्याची तक्रार काय होती, ही माहिती फार मोलाची असते. पुष्कळ ठिकाणी ती व्यवस्थापकाच्या वहीत किंवा केवळ त्याच्या स्मरणात असते. तो मनुष्य काम सोडून गेला म्हणजे ग्राहकही त्याच्याबरोबर जातात.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन १० किंवा अधिक उत्पादकांस स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याची सोय झाली. २०२० साली केंद्र सरकारने १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. अशा कंपन्यांपुढे आता ग्राहकांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचा प्रश्न येतो, आणि प्रणाली बसवून देणारे सल्लागारही भेटीस येऊ लागतात. त्यांतून योग्य सल्लागार निवडताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१. प्रथम आपली गरज कागदावर लिहावी. ग्राहक किती, मागणी कशी येते, उधारी कोठे अडकते, हे संचालक मंडळाने एकत्र बसून ठरवावे. ग्राहक पंधरा-वीसच असतील तर नीट ठेवलेली वहीदेखील पुरेशी असते. प्रामाणिक सल्लागार हे स्वतःच सांगेल.

२. जो आधी आपली वही पाहावयास मागतो, तो सल्लागार बरा. जो आल्याबरोबर प्रणालीचे गुण गाऊ लागतो, त्याच्याविषयी सावध असावे. प्रणाली विकणाऱ्याकडून त्यास दलाली मिळते काय, हे स्पष्ट विचारावे. दोन्ही बाजूंनी अडत घेणारा मनुष्य कोणाचे हित पाहील, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

३. प्रात्यक्षिक आपल्याच मालावर मागावे. मागील आठवड्याच्या दहा विक्री-नोंदी त्यास द्याव्यात आणि त्या आपल्या लेखनिकाकडून मराठीत भरवून घ्याव्यात. लेखनिकास जे जमत नाही, ते पुढे कोणी वापरणार नाही. त्याने पूर्वी काम केलेल्या दोन संस्थांशी स्वतः बोलावे. काम संपल्यावर तो हाकेला येतो काय, हे तेथेच कळेल.

४. मोबदला एकरकमी देऊ नये. मांडणी, शिक्षण व चालू वापर अशा टप्प्यांनी द्यावा. दरवर्षी किती खर्च येईल, हेही लेखी घ्यावे. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त स्रोत प्रणालीस परवाना शुल्क लागत नाही. तथापि संगणक-जागा, मांडणी व देखभाल यांचा खर्च राहतोच.

५. सर्वांत महत्त्वाची बाब मालकीची. खाते कंपनीच्या नावे असावे, मुख्य परवलीचा शब्द संचालकांकडे असावा आणि सर्व नोंदी केव्हाही उतरवून घेता याव्यात. करार संपल्यावर सल्लागाराने आपल्याकडील प्रत नष्ट करावी, अशी अट घालावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे धोरणही हेच आहे की, काम दुसऱ्याकडे सोपविले तरी माहितीच्या रक्षणाची जबाबदारी ती गोळा करविणाऱ्या संस्थेवरच राहते.

नवी प्रणाली दसरा-दिवाळीच्या तोंडावर, झेंडूची मागणी ऐन भरात असताना, सुरू करू नये. मंदीच्या दिवसांत प्रारंभ करून निदान एक महिना वही व संगणक दोन्ही चालवावेत आणि दर शनिवारी दोहोंचा मेळ घालावा.

बियाणे घेताना आपण पिशवीवरील चित्रावर न जाता उगवणशक्ती तपासतो. सल्लागाराचीही तशीच परीक्षा घ्यावी. तो आज ना उद्या जाणारच आहे. तो गेल्यानंतरही आपला लेखनिक ही नोंद स्वतः चालवू शकला, तरच निवड योग्य झाली असे समजावे.