जीपीएस आलं, तरी रत्नागिरीचं दीपगृह अजून सुरू का आहे?

रत्नदुर्ग किल्ल्यावर गेलेला पर्यटक दीपगृहाचा फोटो काढतोच. १८६७ पासून इथे दीपगृह आहे. पण आता मच्छीमारांच्या बोटींवर जीपीएस असतं. मग या दिव्याची गरज काय?

दीपगृह नुसता उजेड देत नाही, स्वतःचं नाव सांगतं. किती वेळा चमकायचं आणि किती सेकंदांनी, हे प्रत्येक दीपगृहाचं ठरलेलं असतं आणि सागरी नकाशावर छापलेलं असतं. खलाशी सेकंद मोजतो आणि समोर रत्नागिरी आहे की जयगड, हे ओळखतो. इथे गल्लत झाली तर बोट थेट खडकावर जाऊ शकते.

हा दिवा डोंगरावरच का? कारण पृथ्वी गोल आहे. १० मीटर उंचीवरून क्षितिज साधारण ११ किलोमीटरवर असतं, तर १०० मीटरवरून सुमारे ३६ किलोमीटरवर. दिवा जितका उंच, तितका तो लांबून दिसतो.

किनारा जवळ आला की रंग महत्त्वाचे ठरतात. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल दिवा डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा असतो. अमेरिका आणि जपानमध्ये मात्र नेमकं उलट!

बोटींवरही असेच दिवे असतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती बोट सरळ तुमच्याच दिशेने येते आहे. अशा वेळी यांत्रिक बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हा जगभरचा नियम आहे. वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा दिसला, तर तो ट्रॉलर जाळं ओढतो आहे. त्याला चटकन वळता येत नाही, त्यामुळे लांबूनच जायचं.

आता जीपीएसकडे येऊ. ते तुमची जागा सांगतं, पण समोरची बोट कुठे वळते आहे हे सांगत नाही. शिवाय बॅटरी संपली किंवा यंत्रात पाणी शिरलं की पडदा काळा. दीपगृहाचा दिवा पाहायला बोटीवर कुठलंच यंत्र लागत नाही.

म्हणूनच १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला, तरी दिवे विझले नाहीत. पुढच्या वेळी रात्री एखादं दीपगृह दिसलं, तर दोन चमकांमधले सेकंद मोजून बघा. ते आपलं नाव सांगत असतं.