यीस्टच्या पेशीतील कोठार

चातुर्मास आला की भ्रमणध्वनीवर एक संदेश फिरू लागतो : जपानच्या शास्त्रज्ञाने उपवासाचे महत्त्व सिद्ध केले आणि त्याला नोबेल मिळाले. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली हा पुरस्कार मिळाला, हे खरे. परंतु त्यांनी अभ्यासले ते माणसाचे उपवास नव्हेत. पावात घालतात त्या यीस्टच्या पेशीतील रिक्तिका. आपल्या तपाला अशा उसन्या प्रमाणपत्राची गरजही नाही.

रिक्तिका हे नाव फसवे आहे. ती रिकामी नसून पातळ पटलाने वेढलेले भरलेले कोठार असते. पुष्कळ वर्षे तिला पेशीची कचराकुंडी समजत, म्हणून तिच्याकडे फारसे कोणी वळत नसे. ओसुमी वळले. टोकियो विद्यापीठात यासुहिरो अन्राकु यांच्यासमवेत त्यांनी तिच्या पटलातून माल आत कसा जातो ते शोधले आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केले.

पटलात प्रथिनांचा एक पंप असतो. एटीपी हे पेशीचे ऊर्जेचे चलन. ते खर्चून हा पंप प्रोटॉन आत ढकलतो, त्यामुळे आतला रस आम्लधर्मी होतो. कोंडलेले प्रोटॉन बाहेर पडू पाहतात. पटलातील अन्य प्रथिने त्यांना वाट देतात, पण मोबदल्यात आर्जिनिन, लायसिन यांसारखी अमिनो आम्ले किंवा कॅल्शियम आत घेतात. बँकेत आयुष्य काढलेल्या मला हा विनिमय ओळखीचा वाटला. फरक इतकाच की येथे उधारी नाही, एटीपी आधी मोजावे लागते. फॉस्फेटही लांब साखळ्यांच्या रूपात येथे साठते. बाहेर नत्राची टंचाई झाली की साठलेले आर्जिनिन बाहेर काढून पेशी काही काळ निभावते.

१९८८ मध्ये ओसुमी यांनी पाचक प्रथिने नसलेले यीस्ट उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिकेत लहान लहान पिशव्या गोळा झालेल्या दिसल्या. पेशी स्वतःचेच जुने भाग कोठारात नेत होती. पचन थांबल्यामुळे ते दिसले एवढेच. पुढे नोबेल मिळाले ते या शोधाच्या वाटेवर.

मला मात्र अधिक मोह पडला तो वाढीच्या काळातील व्यवहाराचा. यीस्टच्या अंगावर कलिका फुटते, तीच पुढे कन्यापेशी होते. कलिका लहान असतानाच आईच्या रिक्तिकेचा एक भाग तिच्याकडे निघतो. मायोसिन नावाचे प्रथिन हमालासारखे तो भाग तंतूंवरून ओढत नेते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे आणखी एक प्रथिन. कलिकेत पोचल्यावर ते नष्ट केले जाते, म्हणून माल तेथेच उतरतो. थोरल्या पेढीने धाकट्या दुकानाला पहिला माल भरून द्यावा, तसेच हे. काही दोषामुळे हा वाटा मिळालाच नाही, तर कन्यापेशी मरत नाही. ती थांबते, स्वतःची नवी रिक्तिका घडवते आणि मगच पुढच्या विभाजनाच्या तयारीला लागते.