नाव नसलेल्यांनाही सलाम

रमजान सुरू झाला की कब्रस्तानाची वाट पुन्हा रुळते. कुणी जुम्याच्या नमाजनंतर जातो, कुणी ईदच्या दिवशी ईदगाहवरून परस्पर. वडिलांची, आजीची कबर ठाऊक असते. तिथे फातेहा पढला जातो. पण त्या कबरीपर्यंत जाताना ज्यांच्या शेजारून पाय जपून टाकावा लागतो, ते कोण?

हा प्रश्न खुलताबादेत पावलोपावली पडतो. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, वेरूळच्या लेण्यांजवळ डोंगरावर वसलेले हे गाव. जुने नाव रौजा. १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली आणि दिल्लीतील अनेक सूफी दक्षिणेत आले. इथे चौदाशे औलिया विसावले आहेत, असे परंपरा सांगते. त्यांपैकी बुऱ्हानुद्दीन गरीब, जैनुद्दीन शिराजी, कवी अमीर हसन सिजझी अशी मोजकीच नावे लोकांच्या ओठांवर आहेत. मलिक अंबरचा घुमट दुरून दिसतो. औरंगजेबाची कबर मात्र उघडी, मातीची. भोवतालची संगमरवरी जाळी फार नंतरची. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा दौलताबादच्या कैदेत वारला, तोही इथल्याच मातीत आहे. या सगळ्यांच्या अवतीभवती बिननावाच्या असंख्य कबरी आहेत.

नाव नाही म्हणजे कुणी विसरले, असे दर वेळी नसते. कबर पक्की बांधू नये, तिच्यावर इमारत उभारू नये, अशी हदीसची शिकवण आहे. जमिनीपासून वीतभर उंच माती पुरेशी. ओळखीपुरता दगड ठेवायला हरकत नाही; हजरत उस्मान बिन मजऊन यांच्या उशाशी खुद्द पैगंबरांनी दगड ठेवला होता. शिवाय नाव कोरून घेणे गरिबाला कुठून परवडणार? चार पावसाळ्यांत माती खचते, दगड कलतो, आणि ओळखणारा माणूसही एक दिवस तिथेच येतो.

तरी जमीन थोडेफार बोलते. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून कबर दक्षिणोत्तर. डोके उत्तरेला, चेहरा पश्चिमेकडे. जुन्या दगडी कबरीवर कलमदानासारखा उंचवटा असेल तर ती पुरुषाची, पाटीसारखा सपाट भाग असेल तर स्त्रीची, अशी रीत होती. बाई होती एवढे कळते. कुणाची आई, ते कळत नाही.

खेड्यापाड्यांतल्या जुन्या कब्रस्तानांचीही हीच गत आहे. बाभळी माजतात, बांध सरकतो, रस्ता रुंद होताना कडेच्या कबरी आधी जातात. ज्या कबरीला वारस नाही, तिच्यासाठी हरकत कोण घेणार? म्हणून सातबाऱ्यावरची नोंद तपासणे, हद्द मोजून घेणे, म्हाताऱ्या माणसांना सोबत नेऊन कुठे कोण आहे ते वहीत उतरवणे, ही कामे पाऊस पडण्याआधी व्हायला हवीत. त्यात शेजारच्या शेतकऱ्याचीही मदत लागते. पुष्कळदा बांधापलीकडच्या कबरी त्याच्याच आजोबांनी नांगरापासून वाचवलेल्या असतात.

कब्रस्तानात शिरताना जो सलाम करतात, तो अनेकवचनी असतो. इथे राहणाऱ्या सर्वांवर शांती असो, आम्हीही तुम्हाला येऊन मिळणार आहोत, असा त्याचा भाव. त्यात कुणाचे नाव घ्यावे लागत नाही. या ईदला आपल्या माणसाच्या कबरीवर फुले घालून झाली की शेजारच्या खचलेल्या कबरीवरही ओंजळभर माती टाकावी. एवढ्याला ओळख लागत नाही.