एकच रान, अनेक बागांत

सप्टेंबर १९९४मध्ये डेव्हिड नोबल हा ऑस्ट्रेलियातला वन कर्मचारी सिडनीच्या वायव्येकडच्या वॉलेमाय राष्ट्रीय उद्यानात एका अरुंद घळीत उतरला. तिथल्या झाडांची ओळख त्याला पटेना. त्यांचे जवळचे आप्त तोवर जीवाश्मांतच पाहिलेले होते. पुढच्या वर्षी त्यांचं नाव ठरलं वॉलेमिया नोबिलिस, म्हणजेच वॉलेमाय पाईन. आपल्याकडे बंगल्यांपुढे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावतात, त्या अरोकेरियाच्या कुळातलंच हे झाड.

रानात पूर्ण वाढलेली झाडं शंभरसुद्धा नाहीत. घळींचा पत्ता गुप्त ठेवला, तरी २००५मध्ये मुळं कुजवणारा फायटोप्थोरा तिथे सापडलाच. २०१९-२०च्या वणव्यात हेलिकॉप्टरमधून जवान घळीत उतरवावे लागले. झाडांभोवतीची जमीन भिजती ठेवून त्यांनी ती वाचवली. सगळी वस्ती एकाच ठिकाणी असण्याचा धोका याहून स्पष्ट काय दिसणार?

या धोक्यावर उपाय म्हणून २००५पासूनच रोपांची विक्री सुरू झाली होती आणि जगभरच्या बागांत हा पाईन पोचलाही होता. पण ही रोपं मोजक्याच झाडांच्या फांद्यांपासून केलेली. झाडं हजारो, वंश मात्र थोडे. मूळ वस्तीतच जनुकीय विविधता फार तुटपुंजी असताना ही उणीव गंभीर ठरते.

म्हणून सिडनीची वनस्पती उद्यानं, इंग्लंडचा वन विभाग आणि वनस्पती उद्यानांची आंतरराष्ट्रीय संस्था बीजीसीआय यांनी मिळून वेगळी वाट धरली. रानातली विविधता ध्यानात घेऊन निवडलेली १७० रोपं केंट परगण्यातल्या बेजबरीच्या रोपवाटिकेत सांभाळली गेली आणि २०२३मध्ये ब्रिटन-युरोपातल्या २८ बागांना वाटली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या बागाही सोबत आहेत. सगळ्यांचा मिळून एकच संग्रह. कुठलं रोप कुठल्या वंशाचं, हे नोंदलेलं; थंडी, ऊन, ओल कोण कसं सोसतं, हे वेगवेगळ्या हवामानांत पारखता येणारं. एका बागेत रोग शिरला, तरी बाकीच्या शाबूत राहतील.

मला यातली नोंदवही रोपांइतकीच मोलाची वाटते. उगम ठाऊक नसलेलं झाड बागेची शोभा वाढवतं, पण त्याच्या भरवशावर रान पुन्हा उभं करणं अवघड. तुमच्या शहरातल्या वनस्पती उद्यानात एखादं दुर्मीळ झाड दिसलं, तर त्याचं बी कुठल्या रानातून आणि किती झाडांवरून आणलं, एवढं तिथल्या माणसांना जरूर विचारा.