जुन्या जावा प्रणालींचे स्थलांतर : गरज आणि मार्ग

निवृत्तिवेतन, दाखले, परवाने, करभरणा, बँकव्यवहार अशी नागरिकांच्या नित्य गरजेची असंख्य कामे गेल्या पाव शतकात संगणकाच्या स्वाधीन झाली आहेत. पडद्यावर उमटणाऱ्या चार ओळींच्या मागे लक्षावधी आज्ञांची एक यंत्रणा अखंड राबत असते, याची सामान्य माणसाला जाणीव नसते, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु ही यंत्रणा कालांतराने जुनी होते. इमारतीप्रमाणे तिला तडे दिसत नाहीत, लोखंडाप्रमाणे ती गंजत नाही. तिच्या भोवतीचे जग मात्र बदलते आणि ती एकाकी पडते. अशा वेळी तिला नव्या अधिष्ठानावर नेणे क्रमप्राप्त ठरते. देशोदेशींची शासने, बँका व विमा संस्था यांच्यापुढे आज हा प्रश्न उभा आहे. त्यातही जावा या संगणकीय भाषेत बांधलेल्या प्रणालींची संख्या फार मोठी आहे.

जावाची वाटचाल

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा जगापुढे आणली. जेम्स गॉसलिंग हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही संगणकावर चालावी, हे तिचे ब्रीद होते. १९९९ च्या अखेरीस मोठ्या संस्थांच्या कामकाजासाठी या भाषेची एक स्वतंत्र प्रमाणसंहिता प्रसिद्ध झाली आणि पुढील दशकात जगभर हजारो वेब प्रणाली तिच्या आधारे उभ्या राहिल्या. २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात आली. २०१७ मध्ये ओरॅकलने ही प्रमाणसंहिता इक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपविण्याचे ठरविले व २०१८ मध्ये तिला 'जकार्ता' हे नवे नाव मिळाले. नावातील हा बदल वरकरणी किरकोळ दिसतो. त्याचे परिणाम किरकोळ नाहीत, हे पुढे दिसून येईल.

स्थलांतर कशासाठी?

चालू असलेल्या यंत्राला हात लावू नये, असे व्यवहारात म्हटले जाते. संगणक प्रणालीच्या बाबतीत हा नियम पुरा पडत नाही. प्रणाली ज्या तयार घटकांवर उभी असते, त्यांची देखभाल त्यांचे निर्माते काही वर्षांनी थांबवितात. एके काळी सर्वत्र वापरात असलेल्या 'स्ट्रट्स' या घटकसंचाची पहिली आवृत्ती २०१३ मध्ये अशीच निवृत्त करण्यात आली. त्यानंतर तिच्यात एखादी उणीव आढळली, तरी ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावरही राहिली नाही. न्याहाळकांचेही तसेच आहे. केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालेल अशा बेताने बांधलेल्या प्रणालींचा आधार जून २०२२ मध्ये तो न्याहाळक निवृत्त झाल्यावर नाहीसा झाला.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. मार्च २०१७ मध्ये स्ट्रट्सच्या दुसऱ्या आवृत्तीतील एक मोठी उणीव जाहीर झाली आणि तिच्यावरील दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन संस्थेच्या एका संकेतस्थळावर ही दुरुस्ती वेळेत बसविली गेली नाही. त्याच वर्षी मे ते जुलै या काळात चोरट्यांनी त्या वाटेने आत शिरून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची वैयक्तिक माहिती लांबविली. येथे दुरुस्ती तरी उपलब्ध होती. ज्या घटकाची देखभालच थांबली आहे, त्याच्या बाबतीत ती वाटही बंद असते.

आपल्या देशातही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आहे. नागरिकाने विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम राहिलेले नसून ते त्या त्या संस्थेचे कर्तव्य झाले आहे.

पाया बदलताना येणाऱ्या अडचणी

जावाची नवी आवृत्ती बसविली की काम झाले, असा समज असणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अनेक जुन्या प्रणाली २०१४ च्या आठव्या आवृत्तीवर किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर चालतात. २०१८ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीतून पूर्वी सोबत मिळणारे काही भाग वगळण्यात आले. निरनिराळ्या प्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारे भाग त्यांत होते. ते आता स्वतंत्रपणे जोडावे लागतात. त्यानंतर दीर्घकाळ देखभालीची हमी असलेल्या सतराव्या, एकविसाव्या व पंचविसाव्या आवृत्त्या अनुक्रमे २०२१, २०२३ व २०२५ मध्ये आल्या.

दुसरी अडचण नावाची. जुन्या आज्ञावलीत प्रमाणसंहितेतील घटकांची नावे 'जावाएक्स' या उपसर्गाने सुरू होत. मालकी हक्काच्या कारणास्तव तो उपसर्ग नव्या संस्थेला पुढील विकासासाठी वापरता आला नाही. म्हणून डिसेंबर २०२० च्या नवव्या जकार्ता आवृत्तीपासून त्याच्या जागी 'जकार्ता' हा उपसर्ग आला. परिणामी टॉमकॅट या लोकप्रिय सर्व्हरच्या नवव्या आवृत्तीवर सुरळीत चालणारी प्रणाली दहाव्या आवृत्तीवर आहे तशी चालत नाही.

सर्व फायलींमध्ये एक शब्द शोधून त्या जागी दुसरा घालावा, हा उपाय सोपा वाटतो. पण तो फसवा आहे. माहितीसाठ्याशी जोडणी करणारे किंवा माहिती कूटबद्ध करणारे काही घटक मूळ जावाचाच भाग आहेत आणि त्यांची नावे आजही जुन्याच उपसर्गाने सुरू होतात. सरसकट बदल केल्यास प्रणाली तेथेच अडते. शिवाय बाहेरून घेतलेले तयार घटकही नव्या उपसर्गाचे आहेत की नाहीत, हे एकेक करून तपासावे लागते. या कामासाठी स्वयंचलित साधने उपलब्ध आहेत. तथापि त्यांनी केलेल्या कामावर जाणत्या माणसाची नजर फिरणे अगत्याचे असते.

प्रश्न मराठी अक्षरांचा

मराठीतून चालणाऱ्या प्रणालींपुढे आणखी एक प्रश्न असतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी पुष्कळशी मराठी माहिती विशिष्ट फॉन्टच्या आधारे साठविण्यात आली. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी साठलेली असतात ती रोमन लिपीची चिन्हे. त्यांना देवनागरी रूप फक्त तो फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की माणसाचे नाव वाचता येत नाही. रूपांतर करतानाही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असे, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांतील भेद रूपांतरात पुसला जाऊ शकतो, आणि आडनावात असा भेद पुसला गेला तर दाखल्यावरील नाव व मूळ नोंदीतील नाव यांचा मेळ बसत नाही.

माहिती युनिकोडमध्ये असली, तरी सावध राहावे लागते. २०२२ पूर्वीच्या जावा आवृत्त्या फाइल वाचताना, वेगळी सूचना नसल्यास, त्या त्या संगणकाची प्रचलित अक्षरसंहिता गृहीत धरीत. त्या वर्षीच्या अठराव्या आवृत्तीपासून 'यूटीएफ-८' ही एकच संहिता गृहीत धरली जाते. जुन्या सर्व्हरवर नीट वाचली जाणारी फाइल नव्या सर्व्हरवर प्रश्नचिन्हांची रांग दाखवू लागते, याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

मार्ग कोणता?

पहिली पायरी मोजदादीची. प्रणालीत कोणते घटक आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, त्या कोणत्या माहितीसाठ्याशी व कोणत्या अन्य प्रणालींशी जोडलेल्या आहेत, याची यादी तयार करावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफॉरजे' या नोंदी ठेवणाऱ्या घटकातील उणीव उघड झाली, तेव्हा तो घटक आपल्या प्रणालीत आहे किंवा नाही, हे शोधण्यातच अनेक संस्थांचे कित्येक दिवस खर्ची पडले. अशी यादी हाताशी असणे हेच अर्धे काम होय.

दुसरी पायरी चाचणीची. जुन्या प्रणालीचे नियम पुष्कळदा कागदावर नसतात. ते आज्ञावलीत आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असतात. एखाद्या प्रकरणात थकबाकी कशी काढली जाते, हे टेबलावर बसणारा लिपिकच नेमके सांगू शकतो. म्हणून त्यांच्याशी बोलून नमुना प्रकरणे निवडावीत, जुन्या प्रणालीची उत्तरे नोंदवून ठेवावीत आणि नव्या प्रणालीची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहावीत. जमिनीचा पाया बदलत असताना हिशेब बदलता कामा नये.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बदलाची. तो एका रात्रीत करण्याचा मोह टाळणे इष्ट. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचे व्यवहार एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेले. माहिती नीट पोहोचली, परंतु प्रणाली कोलमडली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. सर्व काही पूर्वपदावर यावयास त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नियामक संस्थांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. हे उदाहरण केवळ जावापुरते नाही. कोणत्याही मोठ्या स्थलांतराला ते लागू पडते.

याहून सुरक्षित पद्धती मार्टिन फाउलर या संगणकतज्ज्ञांनी २००४ मध्ये मांडली. ऑस्ट्रेलियात त्यांनी दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढणारे वडाच्या कुळातील वृक्ष पाहिले होते. पक्ष्याने टाकलेले बी फांदीवर रुजते, मुळे हळूहळू जमिनीपर्यंत उतरतात आणि कालांतराने नवा वृक्ष स्वतःच्या बळावर उभा राहतो. वडापिंपळाच्या बाबतीत हे दृश्य आपल्याकडेही अपरिचित नाही. त्याच रीतीने जुन्या प्रणालीसमोर एक प्रवेशद्वार उभारून एकेक सेवा नव्या बाजूस वळविली जाते. उरलेल्या सेवा जुनीच प्रणाली देत राहते. बिघाड झाल्यास तेवढीच एक सेवा मागे घेता येते, आणि नागरिकांचे काम खोळंबत नाही.

माणसांचा विचार

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. प्रणाली बदलत आहे, ही सबब त्या मुदतीपुढे टिकणारी नाही. तेव्हा स्थलांतराचा दिवस निवडताना परीक्षा, प्रवेश वा मार्चअखेर अशा गर्दीचा काळ टाळावा. परत फिरण्याचा मार्ग आधीच आखून त्याची रंगीत तालीम घ्यावी. कर्मचाऱ्यांना नव्या पडद्यांचा सराव अगोदर द्यावा आणि नागरिकांना पूर्वसूचना मिळावी.

नवी प्रणाली सुरू झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. तिच्याही घटकांची देखभाल कधीतरी थांबणारच आहे. घटकांची यादी अद्ययावत ठेवणे, दुरुस्त्या वेळच्या वेळी बसविणे आणि दर काही वर्षांनी एकेक पाऊल पुढे टाकणे हा शिरस्ता पडला, तर पुढचे स्थलांतर हे संकट न राहता नित्याच्या कामकाजाचा एक भाग होईल. कालव्याची डागडुजी दर वर्षी होते, म्हणूनच पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचते. संगणक प्रणालींनाही हाच न्याय लागू आहे.