घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

शेजारचं माणूस घोरत असतं तोवर आपण वैतागतो. आवाज एकदम बंद झाला की हायसं वाटतं. पण लक्ष द्यायला हवं ते नेमकं या शांततेकडे. दहा, वीस, कधी तीस-चाळीस सेकंद काहीच ऐकू येत नाही. छाती आणि पोट हलत असतं, हवा मात्र आत जात नसते. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होतो, अंगाला हिसका बसतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. सकाळी त्याला विचारा, ‘मस्त ढाराढूर झोप लागली होती,’ असं तो मनापासून सांगेल.

या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत निधन झालं आणि डॉक्टरांनी कारण सांगताना हे नाव घेतलं, तेव्हा ते अनेक घरांत पहिल्यांदा पोचलं. आजार मात्र दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्के जणांच्या झोपेत श्वासाचे अडथळे आढळले. ७.५ टक्के जणांना त्याच्या जोडीला दिवसाची पेंगही होती. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सुमारे ११ टक्के प्रौढांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, कारण आजार आपलं काम करतो तेव्हा रुग्ण झोपलेला असतो.

घशात काय होतं?

टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या श्वासमार्गाला हाडाचा भक्कम आधार नाही. तो भाग स्नायूंनी उघडा धरलेला असतो. झोपेत हे स्नायू सैलावतात आणि उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते. मानेभोवती चरबी असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा खालचा जबडा लहान, मागे गेलेला असेल, तर मुळातच अरुंद असलेली वाट बंद होते. मऊ स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉच्या भिंती चिकटतात, तसंच हे. हवा ओढण्याचा जोर वाढतो, पण वाट उघडत नाही.

रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू धोका ओळखून काही क्षण जाग आणतो. घसा उघडण्यापुरती ती पुरते, लक्षात राहण्याइतकी मोठी नसते. तासाला ३० वेळा असं होत असेल तर रात्रभर दर दोन मिनिटांनी झोप मोडते. प्रत्येक वेळी नाडी आणि रक्तदाब उसळतो. औषधं वाढवूनही बीपी आटोक्यात येत नसेल तर डॉक्टर झोपेची चौकशी करतात, ती यासाठी.

आजार फक्त लठ्ठ माणसांचा, हा समज चुकीचा आहे. जबड्याच्या ठेवणीमुळे सडपातळ माणसालाही तो होतो. सेंट्रल स्लीप अ‍ॅप्निया हा निराळा प्रकार. त्यात वाट मोकळी असते, पण मेंदूकडून श्वास घेण्याचा संदेशच जात नाही. हृदय कमजोर असलेल्यांत किंवा अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्यांत तो दिसतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

दिवसा दिसणाऱ्या खुणा

सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. दुपारी मीटिंगमध्ये डुलकी. चिडचिड, विसराळूपणा. सर्वांत घातक म्हणजे गाडी चालवताना लागणारी झापड. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणारे प्रोस्टेट आणि शुगर तपासून घेतात, झोपेचा विचार करत नाहीत. बंद घशातून श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाच्या कप्प्यांवरही तो पडतो आणि लघवी वाढवणारं संप्रेरक पाझरतं. म्हणून ही उठबस.

बायकांचा आजार आणखी उशिरा कळतो. त्या थकवा, निद्रानाश, डोकेदुखी सांगतात. घोरण्याबद्दल बोलायची लाज वाटते आणि घरचेही तो विषय काढत नाहीत. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो, हे लक्षात ठेवायला हवं. तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं आणि दिवसा अतिचंचल वागणारं मूल असेल, तर त्याचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड तपासून घ्यावेत. मुलांमध्ये ते काढल्यावर बहुतेकदा चांगला फरक पडतो.

तपासणी

पहिला साक्षीदार शेजारी झोपणारा. श्वास अडकतानाचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतो. पक्कं निदान स्लीप स्टडीने होतं. डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा, नाकाशी हवेचा सेन्सर, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर अशा थाटात रुग्णालयात एक रात्र झोपायचं. अनेकांची तपासणी थोड्या तारांत घरीही होते. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसांत ५ पेक्षा कमी ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र.

उपचार

१९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासनलिका उघडी करणं. त्या वर्षी सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवून दाखवला. १९८१ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. हेच आजचं सीपॅप. मध्यम आणि तीव्र आजारात आजही पहिली निवड तीच.

खरी लढाई पहिल्या महिन्यात असते. मास्क सैल असेल तर हवा डोळ्यांत जाते, घट्ट आवळला तर नाकावर वळ उठतात. यावर उपाय आहेत. मास्कचा आकार बदलून घ्या, नाक सुकत असेल तर ह्युमिडिफायर लावा, दाब हळूहळू चढेल असं सेटिंग करून घ्या. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसलं की त्याची भीती जाते. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरची सोय आधीच करा. किमान चार तास मशीन लावा असं सांगतात, पण ध्येय पूर्ण झोपेचं हवं.

या मशीनकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही स्पष्ट असावं. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्यांवर ‘सेव्ह’ ही मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत सीपॅपमुळे झटके कमी झाले नाहीत. मात्र पेंग कमी झाली आणि मन व जगणं सुधारलं. त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री साडेतीन तासांहूनही कमी होता.

सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारं, दंतवैद्याने मापाने बनवलेलं उपकरण चालतं. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल प्रौढांतील मध्यम-तीव्र आजारासाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. या आजारासाठी तिथे मंजूर झालेलं हे पहिलं औषध. जिभेच्या मज्जातंतूला विद्युतस्पंद देणारं रोपणही तिथे २०१४ पासून मंजूर आहे. टाळू किंवा जबड्याची शस्त्रक्रिया अडथळा नेमका कुठे आहे ते पाहून ठरते. कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू सोडणं सर्वांच्याच फायद्याचं. झोपेची गोळी मनाने घेऊ नका आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला हा आजार आवर्जून सांगा.

आजार ज्याचा त्याला दिसत नाही, म्हणून त्याची जबाबदारी घराने घ्यायला हवी. डॉक्टरांकडे दोघांनी जावं, रात्री काय दिसतं ते शेजारी झोपणाऱ्याने सांगावं. मास्क लावून झोपणाऱ्याची ‘आयसीयूत गेला’ म्हणून थट्टा करू नये. अशा थट्टेने कितीतरी मशीन कपाटात गेली आहेत. दिवसा पेंगणाऱ्या माणसाच्या हातून, उपचार लागू पडेपर्यंत, गाडीची चावी काढून घ्यायचा हक्कही घरच्यांनी बजावावा.