घराचा क्रम, वर्षाचा क्रम

सकाळी 6. रोवणीचे दिवस. नाकाडोंगरीतल्या बाया बांधीकडे निघाल्या की मी लॅपटॉप उघडते. दुपारी विजेचा भरवसा नाही.

7. अकोला जिल्ह्यातल्या कंझरा गावच्या नोंदी. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने 1975 साली सहा गावं निवडली, प्रत्येकी 40 घरं घेतली: मजूर, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी. त्याच घरांना वर्षानुवर्षं विचारत राहिले. म्हणून एका घराच्या कितीतरी ओळी. ओळ कोणाची, कितवी, हे ठरल्याशिवाय पुढचं गणित मांडूच नये.

8. स्टेटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची डू-फाइल, म्हणजे आज्ञांची स्क्रिप्ट. 'बायसॉर्ट'नंतर घरक्रमांक, मग कंसात वर्ष. कंसामुळे गट घराचा राहतो आणि ओळी वर्षाप्रमाणे लागतात. ओळीचा क्रमांक 1 म्हणजे पहिली नोंद. गटातल्या एकूण ओळींइतका झाला की शेवटची. कंस राहून गेला तर प्रत्येक वर्षाचा वेगळा गट होतो आणि सगळ्याच ओळी 'पहिल्या' ठरतात. संगणक काही तक्रार करत नाही. मला याचीच धास्ती वाटते.

11. आज सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. ही पाहणी 1984-85 नंतर थांबली, 2001 मध्ये पुन्हा सुरू झाली. 'मागची ओळ' मागितली तर 2001 च्या मागे 1984 येऊन बसतं, आणि सतरा वर्षांत वाढलेली मजुरी एका वर्षाची दिसते. 'एक्सटीसेट' करून 'मागचं वर्ष' मागितलं की ती जागा रिकामी राहते. रिकामीच हवी. त्या वर्षांत त्या घरांना कोणी विचारलंच नव्हतं.

दुपारी 2. जेवण. वीज गेली, आली.

3. वाटण्या. बाप होता तेव्हा एक चूल, आता तीन भाऊ, तीन चुली. नव्या घरांना नवे क्रमांक, शेजारच्या रकान्यात मूळ घराचा क्रमांक. तो पुसला तर बापाची जमीन कोणाकडे गेली हे कधीच कळणार नाही.

5. लेबलं मराठीत लिहिते. स्टेटाच्या 2015 च्या 14 व्या आवृत्तीपासून देवनागरी चालते. 'मोठा शेतकरी' असं पडद्यावर वाचलं की माणूस दिसतो, नुसत्या आकड्यात दिसत नाही.

6. शेवटी 'असर्ट': प्रत्येक घराची पहिली नोंद एकच आहे ना? नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आज थांबली नाही. फाइल पाठवली, उद्या त्याच सहांतलं सोलापूरचं शिरापूर घ्यायचं.